काचेआडची माणसे : केप टाउनचा ‘बुशमन’ देखावा व त्याची कलात्मक चिकित्सा

१

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या उद्यानात, साउथ आफ्रिकन म्यूझियम ही संस्था उभी आहे. लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट या इंग्रज गव्हर्नराने १८२५ साली तिची स्थापना केली व सध्याची इमारत १८९७ साली लोकांस खुली झाली. देवमाशांचे सांगाडे, जीवाश्म, पक्षी आणि कीटक यांचा संग्रह करणारे हे निसर्गेतिहासाचे संग्रहालय. तथापि १९६० च्या सुमारापासून पुढे चार दशके तेथील सर्वांत लोकप्रिय दालनांपैकी एक दालन माणसांचे होते. काचेआड रंगविलेली पार्श्वभूमी, तिच्यापुढे शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा तळ, आणि त्या तळावर वावरणारे अर्धनग्न स्त्रीपुरुषांचे पूर्णाकृती पुतळे असे त्याचे स्वरूप होते. ‘बुशमन डायोरामा’ या नावाने ते ओळखले जाई. एप्रिल २००१ मध्ये हे दालन प्रेक्षकांच्या दृष्टीआड करण्यात आले.

या घटनेकडे एका संग्रहालयाच्या अंतर्गत व्यवस्थेची बाब म्हणून पाहता येणार नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत निसर्गाचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचविण्याचे प्रमुख साधन म्हणून जो चित्रित देखावा विकसित झाला, त्याच्या मुळाशी असलेल्या दृष्टीचाच प्रश्न तेथे उभा राहिला. देखावा बंद करावा, कलावंताने त्याची फेरमांडणी करून त्याचे अंतरंग उघडे करावे, की काचेवरच त्याचे दोष लिहून ठेवावेत, असे तीन मार्ग गेल्या काही दशकांत निरनिराळ्या ठिकाणी चोखाळले गेले. त्यांतून काय साध्य झाले व काय उरले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

‘डायोरामा’ हा शब्द प्रथम रूढ झाला तो करमणुकीच्या क्षेत्रात. लुई दागेर व शार्ल बूताँ यांनी १८२२ साली पॅरिसमध्ये या नावाचे प्रेक्षागृह उघडले. प्रचंड पडद्यांवर रंगविलेल्या चित्रांवर प्रकाशाचा खेळ करून पहाट, धुके, संध्याकाळ यांचा आभास तेथे निर्माण केला जाई. पुढे संग्रहालयांनी हे तंत्र उचलले, त्यास खऱ्या वस्तूंची जोड दिली आणि त्याचे रूप पालटले. स्टॉकहोम येथे गुस्ताफ कोल्टहोफ यांनी १८९३ साली उघडलेल्या जीवशास्त्रीय संग्रहालयात पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांमागील भूदृश्ये ब्रूनो लिल्येफोर्स या नामवंत चित्रकाराच्या योजनेनुसार रंगविली गेली. अमेरिकेत कार्ल एकली (१८६४–१९२६) यांनी १८९० साली मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट या पाणथळीतील कृंतक प्राण्याचा देखावा रचला. हा त्या देशातील या पद्धतीच्या आद्य नमुन्यांपैकी एक मानला जातो.

या रचनेचे मर्म थोडक्यात असे : मागील भिंत अर्धवर्तुळाकार वळविलेली असते. तिच्यावर दूरचे डोंगर व आकाश रंगविलेले असते. पुढच्या जमिनीवरील खरी माती, मेणाची वा कागदाची पाने आणि कातडे चढविलेले प्राणी त्या चित्रात अशा रीतीने मिसळून जातात की, वस्तू कोठे संपते व चित्र कोठे सुरू होते हे डोळ्यास कळत नाही. दिवे दडविलेले असतात, काच तिरपी बसवून प्रतिबिंब टाळलेले असते. करणाऱ्याचा हात दिसू नये, यातच करणाऱ्याचे कौशल्य. गणेशोत्सवातील देखावा आपण देखावा असल्याचे लपवीत नाही. संग्रहालयातील देखाव्याची सारी धडपड मात्र आपले देखावेपण विसरावयास लावण्याची असते.

या लपविण्यातून जे लुप्त होते ते न्यू यॉर्क येथील एकली यांच्या नावाच्या आफ्रिकी दालनात स्पष्ट दिसते. १९३६ साली खुल्या झालेल्या या दालनात मध्यभागी आठ हत्ती व सभोवती अठ्ठावीस देखावे आहेत. त्यांतील गोरिलांच्या देखाव्यासाठी लागलेले प्राणी एकली यांनी १९२१ साली तत्कालीन बेल्जियन काँगोत मारले. त्याच अनुभवाने हेलावून जाऊन त्यांनी बेल्जियमच्या राजाकडे अभयारण्याचा आग्रह धरला आणि १९२५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. १९२६ च्या मोहिमेत विल्यम ली हे चित्रकार त्यांच्याबरोबर होते. त्याच मोहिमेत मिकेनो पर्वताच्या उतारावर एकली मरण पावले व तेथेच त्यांचे दफन झाले. काचेपलीकडील शांत अरण्यात यांतले काहीही नाही. बंदूक नाही, ओझी वाहणारे आफ्रिकी हमाल नाहीत, तो प्रदेश कोणाच्या अंमलाखाली होता याची खूण नाही. डॉना हॅरावे यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात निबंधात या दालनाची चिकित्सा करून, निसर्गाच्या या शुद्ध दर्शनामागे वंश, पौरुष व सत्ता यांच्याविषयीच्या कोणत्या कल्पना दडल्या आहेत, हे दाखवून दिले.

अशा देखाव्यात तीन गोष्टींविषयी मौन असते. पहिली गोष्ट काळ : दृश्य केव्हाचे, हे सांगितले जात नाही, म्हणून ते सर्वकाळचे वाटते. दुसरी नाव : काचेआड व्यक्ती नसते, जातीचा नमुना असतो. तिसरी संमती : समोर जे मांडले आहे ते कोणी, कोणाकडून, कोणत्या अधिकाराने मिळविले, हा प्रश्नच उद्भवू दिला जात नाही. गोरिलाच्या बाबतीत या मौनाचा परिणाम एक प्रकारचा असतो. काचेआड माणूस उभा केला की तो सर्वस्वी वेगळा होतो.

३

केप टाउनच्या देखाव्यातील पुतळे कल्पनेने घडविलेले नव्हते. जिवंत माणसांच्या देहावर प्लॅस्टर लावून घेतलेल्या साच्यांतून ते ओतले होते. कीटकशास्त्रज्ञ असलेले लुई पेरिंगे हे १९०६ पासून १९२४ पर्यंत या संग्रहालयाचे संचालक होते. ‘बुशमन’ नावाने ओळखले जाणारे लोक ही एक आदिम जात असून ती लवकरच नामशेष होणार, तेव्हा तिचा शारीरिक पुरावा जतन करावयास हवा, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांत रूढ असलेली समजूत त्यांचीही होती. त्यांच्या प्रेरणेने जेम्स ड्रुरी या संग्रहालयातील कारागिराने १९०७ ते १९२४ या काळात सुमारे सत्तर ठसे घेतले. प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरणे हा ड्रुरी यांचा नित्याचा व्यवसाय होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. ठसे देणाऱ्यांपैकी काही जण तुरुंगातील कैदी होते, तर काही गोऱ्यांच्या शेतांवर राबणारे मजूर. नित्याच्या जीवनात ते युरोपीय पद्धतीचे कपडे वापरीत. ठशासाठी मात्र त्यांस विवस्त्र व्हावे लागले.

प्रारंभी हे पुतळे शारीरिक नमुने म्हणून मांडले गेले. १९५९–६० च्या सुमारास त्यांस देखाव्याचे रूप देण्यात आले, आणि त्यासाठी आधार घेतला तो सॅम्युएल डॅनियल (१७७५–१८११) या इंग्रज चित्रकाराच्या एका चित्राचा. हे नाव महाराष्ट्राच्या अभ्यासकांस दूरचे वाटू नये. वेरूळच्या लेण्यांची चित्रे इंग्लंडात प्रसृत करणारे टॉमस डॅनियल हे सॅम्युएल यांचे चुलते व विल्यम डॅनियल हे बंधू. चुलत्या-पुतण्यांनी हिंदुस्थानची दृश्ये ज्या ॲक्वाटिंट मुद्रणपद्धतीने छापली, तिचाच अवलंब करून सॅम्युएल यांनी १८०४–०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविषयीचा आपला चित्रसंग्रह काढला. त्याच्या शीर्षकात आफ्रिकेची दृश्ये आणि प्राणी एवढ्यांचाच उल्लेख होता. त्या देशातील माणसेही चित्रांत होती, परंतु शीर्षकात त्यांना वेगळे स्थान नव्हते.

अशा रीतीने विसाव्या शतकातील मजुरांचे व कैद्यांचे देह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका चित्रात नेऊन बसविले गेले. मधल्या शंभर वर्षांत त्या समाजावर काय ओढवले ते या स्थलांतरात पुसले गेले. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत केपच्या सरहद्दीवर गोऱ्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी या लोकांची शिकार करावी तशी कत्तल केली, मुलांना पकडून चाकरीस लावले, पाणवठे व शिकारीची राने बळकावली. उरलेले लोक शेतमजूर झाले. देखाव्यातील निश्चिंत तळ पाहणाऱ्या शाळकरी मुलास हा इतिहास दिसणे शक्य नव्हते. त्यास एवढेच कळे की, हे लोक निसर्गाचा भाग होते व आता ते उरलेले नाहीत. पुढे १९६० च्या दशकात गोऱ्या वसाहतकारांच्या वस्तू निराळ्या सांस्कृतिक इतिहास संग्रहालयात हलविण्यात आल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्तू मात्र देवमासे व जीवाश्म यांच्या शेजारी निसर्गेतिहासाच्या छपराखालीच राहिल्या. वर्णभेदाच्या राजवटीस अभिप्रेत असलेली विभागणी संग्रहालयांच्या या वाटणीतही उमटली होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संग्रहालयातील अभ्यासकांनीच या मौनाचा काही अंशी भंग केला. देखाव्याशेजारी ठसे घेण्याच्या प्रक्रियेची माहिती व ठसे देणाऱ्यांची छायाचित्रे लावण्यात आली. देखावा मात्र होता तसाच राहिला. मोठ्या, सुंदर व प्रकाशमान दृश्याशेजारचा छोटा मजकूर किती जण वाचतात, ही शंका तेव्हापासून आहे.

४

वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच उद्यानाच्या परिसरातील राष्ट्रीय कलादालनात पिप्पा स्कॉट्नेस यांनी ‘मिसकास्ट’ हे प्रदर्शन मांडले. स्कॉट्नेस या केप टाउन विद्यापीठातील कलावंत व अध्यापिका. शीर्षकातील इंग्रजी शब्दात ‘चुकीचे ओतलेले’ व ‘चुकीच्या भूमिकेत घातलेले’ हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. हे प्रदर्शन स्वरूपतः एक विशाल मांडणशिल्प होते. संग्रहालयातील जुन्या साच्यांतून रेझिनमध्ये ओतलेले देहखंड, शिरे व शिरोहीन धडे, तेथे उघड्यावर ठेवली होती. दालनाच्या मध्यभागी बंदुका रचल्या होत्या. भांडारात असतात तशा पुठ्ठ्याच्या पेट्या, मानवी शरीर मोजण्याची उपकरणे, छायाचित्रे व कागदपत्रे यांची मांडणी होती. एका दालनाची जमीन वृत्तपत्रांतील मजकूर, चित्रे व सरकारी कागद यांच्या प्रतिमांनी मढविली होती आणि प्रेक्षकास त्यांवरूनच चालावे लागे. दुसरीकडे कालाहारीतील तत्कालीन सान लोकांच्या जीवनाची पॉल वाइनबर्ग यांनी टिपलेली छायाचित्रे होती.

रंगविलेल्या देखाव्याने जे दडविले ते या रचनेने बाहेर काढले. शांत तळाच्या जागी बंदुका आल्या. अखंड, सजीव भासणाऱ्या पुतळ्याच्या जागी त्याचे तुकडे आले, म्हणजे शास्त्राने देहाचे जे केले ते डोळ्यांपुढे आले. काच जाऊन पायांखाली इतिहास आला व प्रेक्षक आपसूकच त्या तुडविण्यात सहभागी झाला. ब्लीक व लॉइड यांच्या वह्यांची स्मृतीही येथे जागविली होती. १८७० पासून केप टाउनजवळच्या मोब्रे येथे विल्हेल्म ब्लीक व लूसी लॉइड यांनी तुरुंगातून आणलेल्या खाम भाषकांकडून त्यांच्या कथा, स्मृती व भाषा सुमारे १२,००० पृष्ठांत लिहून घेतली. निवेदकांची नावे व तारखा तेथे नोंदविलेल्या आहेत. काबो नावाचा एक वृद्ध निवेदक तर आपल्या कारावासाची हकीकतही सांगतो. ज्या समाजाचे देखाव्यात केवळ देह उरले, त्याचे शब्द या वह्यांत उरले.

तथापि प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या सुमारास भरलेल्या जाहीर चर्चेत जे घडले ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे होय. देशाच्या निरनिराळ्या भागांतून खोइ व सान समाजांचे प्रतिनिधी तेथे आले होते. त्यांपैकी अनेकांनी प्रदर्शनावरच तीव्र आक्षेप घेतला. आपल्या पूर्वजांचे विवस्त्र देह पुन्हा एकदा लोकांसमोर का मांडले, त्यांच्या प्रतिमांवर आम्हांस पाय का ठेवावयास लावला, आणि हे सर्व करताना आम्हांस का विचारले नाही, असा त्या आक्षेपांचा आशय होता. वसाहतवादी ज्ञानव्यवहार उघडा पाडणे हा आपला हेतू असल्याचे स्कॉट्नेस यांचे प्रतिपादन होते, आणि त्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रदर्शनाने आपला प्रेक्षक कोण हे गृहीत धरले होते. पायांखालील प्रतिमांनी ओशाळावा असा तो प्रेक्षक ज्यांनी देखावा रचला त्यांचा वारस होता. देखाव्यात ज्यांचे देह होते त्यांचा वारस दारातून आत येईल आणि त्यालाही त्याच जमिनीवरून चालावे लागेल, ही शक्यता रचनेत पुरेशी धरलेली नव्हती. ‘मिसकास्ट’ने काळ परत आणला, काही प्रमाणात नावेही परत आणली. संमतीचा प्रश्न मात्र तेथे नव्याने, आणि अधिक वेदनादायक रूपात, उभा राहिला.

५

पुढील काही वर्षांत घटना वेगाने घडल्या. २७ एप्रिल २००० रोजी दक्षिण आफ्रिकेने नवे राजचिन्ह स्वीकारले. त्यावरील ब्रीदवाक्य खाम भाषेत असून मानवाकृती लिंटन शिळेवरील सान चित्रांवरून घेतलेल्या आहेत. ही शिळा १९१७ साली साउथ आफ्रिकन म्यूझियममध्ये आणली गेली व तेथेच जतन झाली. एका छपराखाली एकाच समाजाची दोन रूपे नांदत होती. त्याच्या पूर्वजांनी स्वतः काढलेले चित्र राष्ट्राचे मानचिन्ह झाले होते, आणि दुसऱ्यांनी त्याचे काढलेले ‘चित्र’ अद्याप काचेआड होते. केप टाउनमधील संग्रहालये एका नव्या संस्थेत विलीन झाली. तिला ‘इझिको’ हे नाव मिळाले. खोसा भाषेत त्याचा अर्थ चूल. या नव्या व्यवस्थेच्या काळात, एप्रिल २००१ मध्ये, देखावा बंद झाला.

या निर्णयाचे स्वागत झाले तशीच त्यावर टीकाही झाली. संबंधित समाजांशी पुरेसा विचारविनिमय न करता देखावा बंद केला, असा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता : देखावा झाकल्याने तो कसा निर्माण झाला याचा इतिहासही झाकला गेला, आणि प्राणी जागच्या जागी राहून केवळ माणसे अदृश्य झाली. मौन तोडण्यासाठी योजलेला उपाय स्वतःच एक मौन ठरू शकतो, याचे हे उदाहरण होय.

न्यू यॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१८ साली याच्या उलट मार्ग धरला. तेथे १९३९ साली केलेला ‘जुने न्यू यॉर्क’ हा देखावा होता. त्यात १६६० सालच्या सुमारास डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट व लेनापे लोकांचे प्रतिनिधी यांची भेट दाखविली होती. स्टायव्हेसंट पूर्ण पोशाखात होते, लेनापे पुरुष अपुऱ्या वस्त्रांत, व स्त्रिया मागे ओझी वाहत होत्या. संग्रहालयाने देखावा हलविला नाही. त्याच्या काचेवरच दहा मजकूर मोठ्या अक्षरांत लावले : हे दृश्य कोठे चुकते, लेनापे प्रमुखाचे नाव ओरॅटम होते, अशा भेटीस लोक औपचारिक वेशात आले असते, लेनापे स्त्रियांना निर्णयप्रक्रियेत स्थान होते. पारदर्शक राहणे हे ज्या काचेचे एकमेव काम होते ती येथे वाचावयाची वस्तू झाली. केप टाउनमध्ये शेजारी लावलेला छोटा मजकूर जे करू शकला नाही ते या जागाबदलाने साधले. तरीही मूळ दृश्यातील देह तसेच उभे राहिले, आणि दुरुस्ती करणारी लेखणी संग्रहालयाच्याच हाती राहिली.

कॅनडातील क्री वंशाचे चित्रकार केंट मंकमन यांच्या रचनांत ही लेखणी हस्तांतरित झालेली दिसते. टोरोंटो येथील गार्डिनर संग्रहालयात २०१५ साली मांडलेल्या एका मांडणशिल्पात त्यांनी निसर्गेतिहासाच्या देखाव्याचेच तंत्र वापरले. उंच कडा, त्यावर बायसन, आणि पायथ्याशी फुटक्या मातीच्या भांड्यांची रास. बायसनांना कड्यावरून लोटून शिकार करण्याची मूळ रहिवाशांची प्राचीन पद्धत आणि एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी केलेला त्या प्राण्याचा संहार यांचे स्मरण ती रचना एकत्र करून देते. येथे देखाव्याचे तंत्र तेच आहे, पण ते ज्यांच्याविषयी बोलते त्यांच्यापैकीच एकाच्या हाती आहे.

६

हा प्रश्न परदेशापुरता नाही. मुंबईच्या भायखळा येथील, १८७२ साली लोकांस खुल्या झालेल्या व १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात निरनिराळ्या जातिजमातींच्या व व्यवसायांच्या लहान मृण्मूर्ती आणि देखावे आहेत. त्यांचा आकार, हेतू व घडण केप टाउनच्या ठशांहून भिन्न आहेत, हे खरे. स्थानिक कारागिरांचे कौशल्य त्यांत आहे आणि जिवंत देहाचा साचा तेथे नाही. परंतु व्यक्तीस वगळून पागोटे, अवजार व पोशाख यांवरून माणसाची ‘जात’ ओळखावयास शिकविणारी दृष्टी त्याच साम्राज्यकालीन वर्गीकरणाची आहे. काळ, नाव व संमती या तीन कसोट्या तेथेही लावून पाहण्यासारख्या आहेत.

केप टाउनच्या प्रकरणाचा उत्तरार्ध संग्रहालयाबाहेर घडला. क्लास व ट्रूइ पिनार या पतिपत्नीचे अवशेष विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधनासाठी व्हिएन्नास नेले होते. ते परत येऊन ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे दफन झाले. केप टाउन विद्यापीठास २०१७ साली स्वतःच्या संग्रहात असे मानवी सांगाडे आढळले की, जे अयोग्य मार्गाने तेथे आले होते. त्यांपैकी नऊ सदरलँड भागातील सान व खोइ लोकांचे होते व १९२० च्या दशकात एका वैद्यकीय विद्यार्थ्यामार्फत विद्यापीठात पोहोचले होते. काहींची नावे नोंदलेली होती. विद्यापीठाने वंशजांचा शोध घेतला. पूर्वज कसे जगले व कसे मेले हे जाणून घेण्याची इच्छा वंशजांनीच प्रकट केली, म्हणून शास्त्रीय परीक्षण झाले. कवट्यांवरून त्यांच्या चेहऱ्यांची पुनर्रचना करण्यात आली आणि ते चेहरे कुटुंबीयांस दाखविण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या नऊ जणांचे सदरलँड येथे दफन झाले.

ही पुनर्रचना ड्रुरी यांच्या ठशांशेजारी ठेवून पाहिली म्हणजे देखाव्याविषयीच्या साऱ्या वादाचा मथितार्थ स्पष्ट होतो. दोन्ही ठिकाणी शास्त्राच्या साहाय्याने मानवी रूप घडविले गेले, दोन्ही ठिकाणी विषय एकाच लोकसमूहाची माणसे होती. एका ठिकाणी ते रूप अनोळखी प्रेक्षकासाठी, निनावी व कालहीन करून काचेआड ठेवले गेले. दुसऱ्या ठिकाणी ते नातवंडा-पतवंडांच्या मागणीवरून, नावासह, त्यांच्याच हाती दिले गेले. प्रतिमा करणे हा दोष नाही. ती कोणी मागितली आणि ती कोणास दाखवावयाची, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. ‘मिसकास्ट’ला हा प्रश्न विचारणाऱ्यांनी १९९६ साली एका प्रदर्शनावर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी वस्तुतः पुढील काळासाठी एक कसोटी घालून दिली. केप टाउनचे सुमारे सत्तर ठसेही त्याच कसोटीवर पारखावयाचे आहेत.